शनिवारचा डाव बुधवारी मांडायला घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून आठवड्याला आठ-नऊ तास खेळांसाठी मिळतात. कपाटात चौदा बोर्डगेम, स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले साठेक गेम. शनिवारी संध्याकाळी चार-पाच मित्र घरी जमतात. नवा खेळ काढला की नियम सांगण्यातच तास जातो, कोणीतरी मोबाइल काढतं, साडेदहाला निघायची गडबड सुरू होते आणि डाव अर्धवट उचलावा लागतो. इतर दिवशी रात्री संगणकावर दोन तास जातात, पण तिथेही काही तडीस जात नाही. वेळेचं नियोजन कसं करावं, आणि जाता जाता, पावसाळ्यात पत्ते वाकतात त्याचं काय करावं?

वेळ कमी पडतोय असं तुम्हाला वाटतंय, पण आठ तास पुष्कळ झाले. नियम शिकणं, नियम शिकवणं आणि खेळणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि तुम्ही तिन्ही शनिवारी साडेसात ते साडेदहात कोंबताय. पहिलं काम एकट्यानं करायचं असतं आणि ते आधीच उरकता येतं. दुसरं पंधरा मिनिटांत बसवता येतं, पण पहिलं नीट झालं असेल तरच. चार माणसं समोर बसवून नियमपुस्तिका मोठ्यानं वाचणं ही शिक्षा आहे, वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांनाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. कोणाला शेवटची लोकल गाठायची असेल तर हाती असलेला वेळ पावणेदोन तासांचा धरा. घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर त्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेणं सोपं जातं. फासे टाकायचे किंवा पत्ते उलटायचे काम त्याच्याकडे द्या. आई-वडील बसणार असतील आणि इंग्रजी मजकुराची अडचण असेल तर पत्त्यांवर वाक्यं छापलेले खेळ बाजूला ठेवा. अझुल, कारकासोन, स्प्लेंडर यांत वाचायला जवळजवळ काही नसतं. खाली जे सांगतोय ते चार-पाच मोठी माणसं, जेवणाचं टेबल आणि साधारण तीन तास एवढं धरून.

बुधवारी रात्री तासभर काढा. खोका उघडा, पट मांडा आणि दोन खेळाडूंचे पत्ते स्वतःच दोन्ही हातांनी खेळा. पूर्ण डाव नको, तीन फेऱ्या पुरे. नियमपुस्तिका नुसती वाचली की सगळं कळल्यासारखं वाटतं. हात चालवले की कुठे अडतं ते दिसतं. ज्या ज्या ठिकाणी पुस्तिका पुन्हा उघडावी लागली तिथे कागदाची चिठ्ठी लावा, कारण शनिवारी नेमक्या त्याच जागी चौघंही अडणार आहेत. आवरताना प्रत्येक खेळाडूचं साहित्य वेगळ्या झिप पिशवीत भरा: एका पिशवीत सगळं निळं, दुसरीत सगळं लाल. खोक्यातली मूळ पिशव्यांची रचना बहुधा साहित्याच्या प्रकारानुसार असते, माणसांनुसार नसते, आणि पट मांडण्यात जाणारी पंधरा मिनिटं तिथेच जातात.

आता शिकवणं. क्रम महत्त्वाचा: जिंकायचं कसं, खेळ संपतो कधी, आपली पाळी आली की काय काय करता येतं, आणि मग उरलेले बारकावे. बहुतेक जण उलट करतात. आधी एकेक वस्तू उचलून 'हे अमुक, हे तमुक' करत बसतात, आणि ऐकणाऱ्याला ते कशासाठी आहे हेच माहीत नसल्यामुळे काही लक्षात राहत नाही.

टिकिट टू राइड घेऊन दाखवतो. ॲलन मून यांचा 2004चा खेळ, दोन ते पाच जणांसाठी, आणि मूळ अमेरिकेच्या नकाशाचा. सुरुवात अशी करा: 'नकाशावर रेल्वेमार्ग ताब्यात घेऊन गुण मिळवायचे. तुमच्या हातातल्या तिकिटांवर दोन-दोन शहरं आहेत. ती जोडली तर तिकिटावरचे गुण मिळतात, नाही जोडली तर तेवढेच वजा होतात. प्रत्येकाकडे 45 डबे आहेत. कोणाकडे दोन किंवा कमी डबे उरले की त्याच्यासकट प्रत्येकाला एकेक शेवटची पाळी आणि खेळ खलास.' हे अर्ध्या मिनिटात होतं. मग पाळी: तीनपैकी एकच गोष्ट करता येते. दोन रंगीत पत्ते उचला, किंवा हातातले एका रंगाचे पत्ते टाकून एक मार्ग घ्या, किंवा तीन नवी तिकिटं उचलून त्यांतलं निदान एक ठेवा. गुणांचा तक्ता पटावरच बोटानं दाखवा: एका डब्याच्या मार्गाला 1, दोनाला 2, तिनाला 4, चाराला 7, पाचाला 10, सहाला 15. सर्वांत लांब सलग मार्गाला वर 10. बस्स. चार पत्ते वाटा, तीन तिकिटं द्या, दोन तरी ठेवायला सांगा आणि सुरू करा.

पटाशेजारी मांडलेल्या उघड्या पाच पत्त्यांतलं इंजिन, म्हणजे कोणत्याही रंगाच्या जागी चालणारा पत्ता, उचललं तर त्या पाळीत दुसरा पत्ता मिळत नाही, हे कोणी इंजिनाकडे हात नेईल तेव्हा सांगा. उघड्या पाचांत तीन इंजिनं आली की पाचही पत्ते बाद करून नवे मांडायचे, हे तसं होईल तेव्हा. दुहेरी मार्गांचा, म्हणजे त्याच दोन शहरांमधल्या दोन समांतर मार्गांचा, नियम मात्र आधीच सांगावा लागतो, कारण तो चुकला तर डावाचा तोलच बिघडतो: दोघं किंवा तिघं खेळत असाल तर जोडमार्गातला एक कोणी घेतला की दुसरा बंद. 'आधी सांगायचं' आणि 'वेळ आल्यावर सांगायचं' यांची वाटणी करायला एकच कसोटी पुरते. नियम माहीत नसल्यामुळे एखाद्यानं दहा मिनिटांपूर्वी केलेली खेळी वाया जाणार असेल तर तो आधी सांगायचा. बाकी सगळं नंतर.

डिजिटल गेमची खरी जागा इथे आहे, आणि तुम्ही ती वापरत नाही. बोर्ड गेम अरेना या संकेतस्थळावर शेकडो बोर्डगेम ब्राउझरमध्ये खेळता येतात, बरेच फुकट. तिथे पाळीपाळीचा एक प्रकार असतो ज्यात दिवसाकाठी एखाद-दुसरी चाल करायची. शनिवारच्या मंडळींपैकी दोघं-तिघं गुरुवार-शुक्रवार एखादं टेबल उघडून खेळले तर शनिवारी शिकवणारा एकटा राहत नाही. फक्त एका वेळी दोनपेक्षा जास्त टेबलं घेऊ नका. सहा टेबलं उघडली की प्रत्येक वेळी 'हा कुठला डाव, माझं काय चाललं होतं' हे आठवण्यात वेळ जातो आणि खेळ ऑफिसच्या मेलसारखा वाटायला लागतो.

या वाटेवर एक खड्डा आहे. डिजिटल आवृत्ती घरकाम स्वतः करते आणि तुम्हाला ते दिसत नाही. अझुल घ्या, रंगीत फरशा उचलून आपल्या पाटीवरची भिंत भरण्याचा खेळ. पडद्यावर फरशा उचलायच्या आणि ओळ निवडायची, एवढंच तुमचं काम. खऱ्या पटावर दोघांना पाच, तिघांना सात आणि चौघांना नऊ तबकड्या मांडायच्या, प्रत्येकीवर पिशवीतून चार फरशा काढायच्या. फेरी संपली की भरलेल्या ओळीतली एक फरशी भिंतीवर जाते आणि बाकीच्या खोक्याच्या झाकणात, पिशवीत नव्हे. पिशवी रिकामी झाली की मगच झाकणातल्या फरशा परत पिशवीत. हे चुकवून फरशा लगेच पिशवीत टाकल्या तर रंगांचा हिशेब कोलमडतो. एकूण 100 फरशा, प्रत्येक रंगाच्या 20. कोणते रंग अजून बाहेर यायचे आहेत हा अंदाज जमणं हा या खेळातला अर्धा आनंद, तोच जातो. खालच्या दंडाच्या ओळीचे आकडेही पडदाच वजा करतो: उणे 1, 1, 2, 2, 2, 3, 3. म्हणून ज्यानं फक्त ऑनलाइन खेळलंय त्यानंसुद्धा बुधवारची मांडणी चुकवू नये.

आता शनिवारी काढायचं काय? खोक्यावरची वेळ खेळ येणाऱ्यांसाठी असते. पहिल्या डावाला तिची दीडपट धरा. साडेसात ते साडेदहा म्हणजे 180 मिनिटं. त्यातली तीस मिनिटं माणसं जमण्यात जातात, वीस खाण्यात, पंधरा शिकवण्यात. उरली 115. दीडानं भागलं की 75च्या आसपास येतात. म्हणजे नव्या खेळाच्या खोक्यावर 75पेक्षा मोठा आकडा असेल तर तो तुमच्या शनिवारचा खेळ नाही, कितीही चांगला असला तरी. टिकिट टू राइड, सेव्हन वंडर्स, कारकासोन आरामात बसतात. विंगस्पॅन चौघांत बसतो, पाच जणांत पहिल्यांदा काढू नका. टेराफॉर्मिंग मार्सच्या खोक्यावर 120 लिहिलेलं आहे. तो रविवारी दुपारी, जेवणं आटोपून.

पाचवा माणूस ही वेगळीच अडचण. कटान मूळ खोक्यात तीन ते चार जणांचाच; पाच-सहांसाठी जोडखोका लागतो. अझुल आणि स्प्लेंडर चौघांवर थांबतात. त्यामुळे चौदा खोक्यांचं वर्गीकरण नावांवरून किंवा आवडीवरून न करता 'पाच जणांत चालतो का' या एका प्रश्नावर करा. गुरुवारी गटावर निरोप टाका: खेळाचं नाव, तो कशाबद्दल आहे ते एका ओळीत, आणि 'तिघं आले तरी सुरू करू'. हे शेवटचं वाक्य नसेल तर एकानं ऐनवेळी टांग दिली की उरलेलेही ढेपाळतात.

तुमच्या गटात मेंढीकोट किंवा तीनशे चार हे पत्त्यांचे खेळ येणारे कोणी असतीलच. असतील तर द क्रू हा खेळ आणा. तुमच्या चौदात त्याचं नाव दिसलं नाही. थॉमस झिंग यांचा 2019चा खेळ. चार रंगांचे 1 ते 9 असे 36 पत्ते आणि रॉकेटचे चार. रॉकेट म्हणजे कायमचा हुकूम. रंग आला की रंगच टाकायचा, नसेल तर काहीही, मोठ्या पत्त्याचा हात. बदाम-इस्पिकावर वाढलेल्या माणसाला यातलं काही नव्यानं सांगावं लागत नाही. वेगळं एवढंच की सगळे एका बाजूला असतात आणि बोलायचं नसतं. 'निळी पंजी ज्या हातात पडेल तो हात अमक्यानंच करायचा' अशी कामं वाटून घेतलेली असतात. प्रत्येकाला एका मोहिमेत एकदाच खूण करता येते: हातातला एक रंगीत पत्ता समोर उघडा ठेवायचा आणि त्यावर गोटी ठेवायची. गोटी वरच्या कडेला म्हणजे त्या रंगातला हा माझा सर्वांत मोठा, खालच्या कडेला म्हणजे सर्वांत लहान, मधे म्हणजे या रंगाचा एवढा एकच. रॉकेटची खूण करता येत नाही, आणि हात चालू असताना कोणतीच नाही. दोन हातांच्या मधेच.

हे समोर चाललेलं पाहण्यासारखं असतं. मेंढीकोटात मुरलेला गडी पहिल्या तीन-चार मोहिमांत हमखास चुकतो, कारण हात करायची सवय. इथे पुष्कळदा हात सोडायचा असतो. हातात नव्वी आहे, काम समोरच्याकडे आहे, मग ती नव्वी कुठे तरी निरुपद्रवी हातात आधीच काढून टाकावी लागते. ते एकदा उमगलं की टेबलावर जी शांतता पसरते ती दुसऱ्या कुठल्या खेळात सहसा मिळत नाही. मोहिमा 50 आहेत आणि सुरुवातीच्या मोहिमा प्रत्येकी पाच-दहा मिनिटांत संपतात, त्यामुळे माणसं जमेपर्यंतच्या अर्ध्या तासातही तो चालतो. पँडेमिकसारख्या सहकारी खेळात एक जण सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतो ही नेहमीची तक्रार. द क्रूमध्ये तोंडच बंद असल्यामुळे ती उरत नाही. उसासे आणि भुवया मात्र आवराव्या लागतात. तो शुद्ध रडीचा डाव.

नवा खेळ शिकवला की पुढचे दोन शनिवारही तोच काढा. मित्र कुरकुर करतील, करू देत. पहिल्या डावात अर्धं लक्ष नियमांकडे असतं. टिकिट टू राइडमध्ये सहा डब्यांचा एक मार्ग 15 गुण देतो आणि एकेका डब्याचे सहा मार्ग मिळून फक्त 6, हे तक्त्यावर पहिल्या मिनिटाला दिसत असतं, पण हाताला कळतं ते दुसऱ्या डावात. तिसऱ्यात मग कोणीतरी लांब मार्गांसाठी वीस-वीस पत्ते साठवून बसतो आणि बाकीचे त्याचा रस्ता अडवायला निघतात. खरा खेळ तिथे सुरू होतो. दर आठवड्याला नवा खोका उघडणारे गट वर्षानुवर्षं पहिलाच डाव खेळत राहतात. नवीन खरेदीलाही हाच निकष लावा: शेवटचा आणलेला खेळ तीनदा खेळून होईपर्यंत पुढचा नाही, आणि तोही शक्य तर आधी ऑनलाइन एकदा खेळून.

आता रात्रीचे ते दोन तास. 'एक टर्न अजून' करत रात्र खाणारे गेम आणि मधेच थांबता येणारे गेम यांची सरमिसळ झालीय तुमची. सिव्हिलायझेशन सहाचा डाव मूळ गतीनं 500 पाळ्यांचा असतो; आठवड्याच्या रात्री तो संपणार नाही. नवा डाव मांडताना गती 'ऑनलाइन' ठेवली की पाळ्या 250 होतात. तेवढा आडवा-उभा कापूनही तो दोन-तीन बैठकांचाच, म्हणून शुक्रवारीच उघडा. मंगळवारसाठी स्ले द स्पायरसारखे पत्त्यांचे गेम चांगले: एक पूर्ण फेरी साधारण तासाची, आणि मधे बंद केलं तरी तुम्ही होतात त्याच खोलीच्या सुरुवातीला परत येता. एवढंच बघा की लढाई अर्ध्यात सोडली तर ती पहिल्यापासून लढावी लागते.

संगणकावर एका वेळी दोनच गेम बसवलेले ठेवा, एक छोट्या रात्रीचा, एक लांब रात्रीचा. बाकीचे काढून टाका. विकत घेतलेले आहेत, पळून जात नाहीत. नवा घेतलाच तर पहिल्या दीड तासात मत बनवा, कारण खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीम पैसे परत देतं. आणि रोज हजेरी लावली की बक्षीस देणारे मोबाइल गेम असतील तर त्यांच्या सूचना बंद करा. ते खेळ वाईट असतात असं नाही. पण बुधवारची रात्र त्यांनी आधीच घेतलेली असते, आणि तुमचा सगळा आठवडा त्या रात्रीवर उभा आहे.

टेबलाबद्दल दोन शब्द. काचेच्या टेबलावर पत्ता नखानंही उचलला जात नाही आणि फाशांचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो. सतरंजी घालू नका, तिच्या पट्ट्यांवर सोंगट्या कलंडतात. जाडसर सुती चादर दुहेरी घडी करून ताणून अंथरा. चहाचे कप टेबलावर नकोत, शेजारी स्टूल ठेवा. भडंग, चिवडा आणि भेळ हे पत्त्यांचे शत्रू आहेत: तेल आणि हळद एकदा पत्त्याच्या कडेला लागली की तो पत्ता पाठीवरून ओळखू येतो. चमचे द्या, किंवा सरळ खाण्याची वीस मिनिटं वेगळी काढा.

आणि पावसाळा. पत्ता वाकतो कारण कागदाच्या थरांत ओलावा जातो आणि दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत. वाकलेले पत्ते उन्हात ठेवू नका, ते उलट्या बाजूला वाकतात आणि रंगही उडतो. गठ्ठा सपाट जागी, वर जड पुस्तकं, दोन दिवस. त्याआधी खोलीची हवा कोरडी हवी, पंखा किंवा एसी चालू. खोका बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात असेल तर आतल्या भिंतीकडे हलवा. पुण्यात एकवेळ चालून जातं, मुंबई-कोकणात बुरशी येते. मोठ्या खोक्यात सिलिका जेलच्या पाच-दहा ग्रॅमच्या तीन-चार पुड्या टाका. नारिंगी दाण्यांची घेतलीत तर ती ओलावा पिऊन हिरवट होतात. तसं झालं की पुडीतून दाणे काढून ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोनेक तास तापवायचे, पुन्हा नारिंगी होतात.

प्लास्टिकची पाकिटं, म्हणजे स्लीव्ह, सगळ्या खेळांना घालायची गरज नाही. जे पत्ते दर डावात अनेकदा पिसले जातात त्यांनाच घाला: द क्रूचे, टिकिट टू राइडचे. स्प्लेंडरचे पत्ते एकदा पिसून मांडले की पडून असतात, ते तसेच राहू देत. मागवण्याआधी पत्ता पट्टीनं मोजा. नेहमीचं माप 63.5 बाय 88 मिलिमीटर, पण विंगस्पॅनचे पत्ते 57 बाय 87च्या जवळ आहेत आणि टिकिट टू राइडच्या मूळ आवृत्तीचे त्याहून बरेच लहान, 44 बाय 68. जाड पाकिटं घातली की गठ्ठा जवळजवळ दुप्पट उंच होतो आणि खोक्यातल्या खाचेत बसत नाही, झाकण वर राहतं आणि त्या फटीतून पावसाळा आत शिरतो. त्यामुळे एक संच मागवून, एका गठ्ठ्याला घालून, झाकण नीट बसतंय का ते आधी बघा, मग बाकीचे.